टाकीतली हवा

माझ्या सासऱ्यांना आख्खी गल्ली ‘वायसरकाका’ म्हणायची. नळ गळत असो, पंप कुरकुरत असो, नाहीतर कोणाच्या टाकीतून पाणी ओसंडत असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी वायसर बघा." ते एवढंसं रबरी कडं बदललं की निम्मी दुखणी थांबत, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. उभा जन्म एका कारखान्यातले पंप सांभाळण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर गल्लीतले. माणसांशी बोलताना दोन शब्दांच्या वर जाणार नाहीत, पण पंपापाशी बसले की तोंडाचा पट्टा सुटायचा. "काय रे, का रुसलास? कुठे दुखतंय?" असं लोखंडाला विचारणारा माणूस मी लग्नाआधी पाहिला नव्हता. पोटच्या मुलाशी ते इतक्या मायेने कधी बोलले असतील, तर मला तरी माहीत नाही.

मी सून म्हणून घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्याखाली नेलं. मला वाटलं, घराण्याचं काहीतरी जपून ठेवलेलं दाखवतात. त्यांनी व्हॉल्व्ह दाखवले. "हा बंद केलास तर वरचा मजला कोरडा. हा बंद केलास तर सगळं घर कोरडं. आणि याला हात लावायचा नाही." का लावायचा नाही ते आजतागायत सांगितलेलं नाही. मी फटकळ, ते घुमे, पण आमचं जमलं. एरवी मी ‘सूनबाई’, आणि ते रागावले की नुसती ‘बाई’.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्यांदा अडलं ते आंघोळीचं. मी बाह्या सरसावून पुढे झाले, तर आईंनी अंग ताठ केलं आणि डावा हात माझ्या छातीवर टेकवून मला मागे लोटत राहिल्या. त्या हातात केवढा जोर होता. जिने कधी कोणाकडून पाण्याचा पेलासुद्धा मागून घेतला नाही, तिला सुनेसमोर उघडं व्हायचं जिवावर आलं असणार. सासरे, म्हणजे बाबा, दारात उभे होते. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं, आईंना उचलून आत नेलं आणि कडी लावून घेतली. त्या दिवसापासून आईंची आंघोळ हे त्यांचं काम झालं.

त्यांनी ते कामासारखंच बसवलं. न्हाणीघरात भिंतीला टेकून एक खुर्ची, तिच्या पायांना रबर. डाव्या हाताने आईंना खांद्यापाशी धरायचं, कारण त्या घसरायच्या, आणि उजव्या हातात नळीचा शॉवर. मी एकदा म्हटलं, बादली-तांब्या घ्या की. तर म्हणाले, "वाकायला हात सोडावा लागतो. हात सोडला की ती पडते." विषय संपला. आतून त्यांचा आवाज यायचा. गल्लीत कोणाचा पंप बिघडला, कोणी कसा शहाणपणा केला, सगळं आईंना सांगायचे. मधूनच आईंचं ‘हं’ यायचं. तेवढा एकच आवाज त्यांच्याकडे उरला होता. दिवसभर घरात एक आजारी बाई आणि एक म्हातारा असायचे, पण तेवढा वेळ ते नवराबायको असत.

आणि मग पाण्याचा जोर कमीजास्त व्हायला लागला.

धार एकदम जोरात यायची, की लगेच मरगळायची, की पुन्हा जोरात. मागच्या अंगणात पत्र्याखाली बसवलेला पंप क्षणात चालू, क्षणात बंद. स्वयंपाकघरात मला त्याचं टक-टक ऐकू यायचं. भांडी घासताना त्रास एवढाच, की पाणी अंगावर उडायचं. न्हाणीघरात गोष्ट वेगळी होती. तिथला भिंतीवरचा हीटर वाहतं पाणी जागच्या जागी तापवतो. धार मोठी असली की पाणी कोमट येतं, आणि धार बारीक झाली की तेच पाणी पोळतं.

एके दिवशी आतलं बोलणं मध्येच थांबलं. मग बाबांचा आवाज आला, "सूनबाई, ये लवकर." कडी काढलेली होती. आईंच्या खांद्यावर आणि पाठीवर लालभडक चट्टा उठला होता. त्यांना ओरडता येत नव्हतं. बाबा साबण लावत गोष्ट सांगत राहिले आणि पाणी आईंना भाजत राहिलं. शेवटी आईंनी डाव्या हाताने बाबांचं मनगट धरलं, तेव्हा त्यांना कळलं. मनगटावर नखं रुतून रक्त आलं होतं. आईंच्या पाठीवर संध्याकाळपर्यंत फोड आले.

माझा नवरा भांडणाला भिणारा माणूस, पण त्या दिवशी तोही बोलला. "बाबा, आता बास. आपण एखादी बाई ठेवू."

बाबा म्हणाले, "दोष पंपाचा आहे."

"दोष कोणाचाही असू दे. आई भाजली."

"पंप दुरुस्त होईपर्यंत थांब. दुरुस्त झाला नाही, तर तू म्हणशील तसं."

असं ठरलं. पंप नीट झाला तर आंघोळ त्यांच्याकडे, नाही झाला तर परक्या बाईकडे. मधल्या काळात मी आईंचं अंग ओल्या फडक्याने पुसून घेत होते. त्या मला लोटत नव्हत्या, पण मी खोलीत असेपर्यंत छताकडे बघत राहायच्या. मी कधी एकदा जाते असं त्यांना झालेलं दिसायचं, आणि मलाही.

बाबांनी पंप धरला. वायसर झालेच, मग जाळी काढून धुतली. हौदात उतरणाऱ्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह वर काढला, त्यात कचरा नव्हता. पाइपाच्या जोडांवर साबणाचा फेस लावून कुठे आत ओढला जातो का ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं. दाबाप्रमाणे पंप चालू-बंद करणारा स्विच उघडून त्याचे पॉइंट पॉलिशपेपरने घासले. सगळं ठीक होतं. आणि धार तशीच, कधी वाघ कधी शेळी.

राहिली पंपाच्या डोक्यावरची लाल टाकी. भोपळ्याएवढी असते. तिच्यात रबरी पिशवी, पिशवीत पाणी आणि पिशवीभोवती हवा. ही हवा पाण्याला दाबून धरते, म्हणून नळाला एकसारखा जोर राहतो. हवा संपली की दाबायला काही उरत नाही आणि पंप बिचारा टक-टक करत बसतो. हे मला कसं माहीत? इतक्या वर्षांत इतक्या लोकांना बाबांनी ते माझ्यादेखत समजावलंय, की झोपेत विचारलं तरी सांगेन. टाकीला सायकलच्या चाकाला असतो तसा हवेचा व्हॉल्व्ह असतो. त्यावरचं झाकण काढायचं, गेज लावायचं, काटा बघायचा. बाबा ते रोज बघत होते. "हवा ठीक आहे," म्हणत होते.

शेवटी मीच त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मिस्त्रीला बोलावलं. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, पण बाबांसमोर अजून चप्पल काढून उभा राहतो. त्याने टाकीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. खालपासून वरपर्यंत बद्द आवाज. पंप बंद केला, नळ सोडून टाकीतलं पाणी काढलं, मग गेज लावलं. काटा जागचा हलला नाही.

"काका, हवा कधी बघितलीत?"

"सकाळी. ठीक होती."

"पाणी काढून बघितली?"

बाबांचा चेहरा लाल झाला. "तू मला शिकवतोस?"

पाणी न काढता गेज लावलं तर पाण्याचाच दाब दिसतो, आणि हवा असो नसो, काटा आपला चांगलाच दाखवतो. हे मिस्त्रीला बाबांनीच शिकवलं होतं. त्याने सायकलच्या पंपाने हवा भरली आणि धार सरळ झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी आईंना आंघोळ घातली. आईंच्या पाठीवरची नवी कातडी गुलाबी होती, तिच्यावरून ते पाणी हळू सोडत होते, म्हणे. मी काही पाहिलं नाही, मला आतून सांगत होते. मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं.

आठवडा गेला नसेल, पुन्हा टक-टक.

मिस्त्री पुन्हा आला. पिशवी फाटली असती तर हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं असतं, ते आलं नाही. फेस लावून पाहिला, कुठे बुडबुडा नाही. निघताना तो मला दारापाशी म्हणाला, "वहिनी, टाकी चांगली आहे. हवा आपोआप एवढ्या लवकर जात नाही. कोणीतरी सोडतंय."

बाबा मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

जेवताना त्यांनी विषय काढला. "पंप बिघडलेला राहून बाहेरची बाई आली, तर घरात कोणाची सोय होते?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "बाबा, मी हवा सोडते असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कोणाचं नाव घेतलं नाही, बाई."

"दुसरं कोण आहे घरात? आई उठून सोडतात?"

नवरा ताटात बघून जेवत राहिला. मी उठले. इतकी वर्षं या माणसाचं मी सगळं केलं, आणि त्याच्या मनात हे? त्या रात्री मला वाटत होतं, मरो तो पंप आणि मरो ती आंघोळ.

सकाळी बाबा माझ्याकडे आले. "लाल रंगाचं काही आहे?" मी न बोलता नेलपॉलिशची बाटली दिली. कारखान्यात त्यांची एक रीत होती. एखाद्या नटाला कोणी परस्पर हात लावतो असा संशय आला, की नट आणि खालचं लोखंड यांवरून एकच रेघ ओढायची. कोणी नट फिरवला की रेघ तुटते. त्यांनी तशी रेघ हवेच्या व्हॉल्व्हवर ओढली, अर्धी झाकणावर, अर्धी मानेवर. म्हणाले, "आता कळेल." जाताना बाटली मला परत दिली. चोरालाच कुलूप आणायला पाठवावं तसं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासत होते. तिथून पंप समोर दिसतो. थोड्या वेळाने बाबा आले, पंपाशी उकिडवे बसले. झाकण फिरवून काढलं आणि खिशात टाकलं. मेकॅनिक माणूस झाकण कधी जमिनीवर ठेवत नाही, हरवतं. गेज लावलं. लावताना फुस्स, काढताना फुस्स. "ठीक आहे," म्हणाले. झाकण लावलं आणि आत गेले.

मी म्हटलं, असेल, खात्री करत असतील.

परातीचा साबण निथळतोय तोवर ते परत आले. उकिडवे बसले. झाकण काढलं, खिशात टाकलं. फुस्स, फुस्स. "ठीक आहे." गेले. नुकतंच पाहून गेलेल्या माणसाची कसलीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. मग पुन्हा आले. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. प्रत्येक फुस्सबरोबर टाकीतली थोडी हवा जात होती. नळ तसाच सोडून मी त्यांचं येणं-जाणं बघत राहिले. किती आठवडे हे असं चाललं असेल, आणि आम्ही सगळे पंपाकडे बघत होतो.

नवरा घरी होता, मी त्याला सांगितलं. म्हणाला, "तू सांग त्यांना." मी म्हटलं, "वडील तुझे आहेत." कोणीच सांगितलं नाही.

दुपारी बाबांनीच हाक मारली. "या इकडे, दोघं." आम्ही मागच्या अंगणात गेलो. व्हॉल्व्हवर झाकण नव्हतं. मानेवरची अर्धी लाल रेघ तेवढी उरली होती.

"बघा," बाबा म्हणाले. आवाजात आनंद होता. इतक्या दिवसांनी दोष सापडल्याचा आनंद. "नुसती हवा नाही, झाकणसुद्धा नेलंय. आता बोला. कोणी नेलं?"

नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. बाबांनी जवळून बघायला चष्मा काढावा म्हणून सदऱ्याच्या खिशात हात घातला. चष्म्याबरोबर झाकण बाहेर आलं.

त्यांनी ते तळहातावर ठेवलं. अर्धी लाल रेघ वर होती. त्यांनी चष्मा लावला, झाकण व्हॉल्व्हवर बसवलं, सावकाश फिरवलं. रेघेला रेघ बरोबर मिळाली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू पाहिलंस?"

"हो."

"पुष्कळदा?"

"हो, बाबा."

"आणि मी पाणी काढत नव्हतो."

"नाही."

ते तिथेच कट्ट्यावर बसले. नवरा काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. मग म्हणाले, "कारखान्यात माझा नियम होता. आपण काय उघडलं, काय मिटलं, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने हत्यार खाली ठेवायचं. मी चांगले चांगले लोक घरी पाठवलेत." जरा वेळाने माझ्याकडे वळले. "उद्यापासून तिची आंघोळ तू घाल. बाहेरची बाई नको. तिला चालणार नाही." गेज माझ्या हातात दिलं. "आणि तुला बोललो ते..." मी म्हटलं, "जाऊ द्या." मला रडू येत होतं, आणि ते त्यांच्यासमोर यायला नको होतं.

संध्याकाळी नवऱ्याने पंपाला जाळीचं दार आणि कुलूप लावलं. मिस्त्रीने हवा भरली. पाण्याचा जोर एकसारखा झाला, तो आजही तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी सोडायला गेले, तर बाबा खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दारात उभे. "उठवलंस का तिला?"

मी म्हटलं, "बाबा, आजपासून मी घालणार. ठरलंय आपलं."

"कोणी ठरवलं?"

"तुम्ही. काल."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी सगळं सांगितलं, गेज, रेघ, खिशातलं झाकण. ते जाऊन कुलूप बघून आले. आधी रागावले, मग म्हणाले, "असं असेल तर बरोबर आहे. हत्यार खाली ठेवायचं. तू घाल." टॉवेल माझ्या हातात दिला. चेहरा आदल्या दिवशी पडला होता तसाच पडला.

त्याच्या पुढच्या दिवशीही टॉवेल घेऊन दारात. आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. रोज मी सांगायची, रोज ते ऐकायचे आणि रोज योग्य तोच निर्णय घ्यायचे. एकदाही चुकले नाहीत. मला वाटायचं, एकदा तरी चुका, एकदा तरी मला ढकलून आत जा. पण नाही. रोज त्या माणसाने नव्याने ऐकायचं की त्याने स्वतःच्या बायकोला भाजलं, आणि ते मी ऐकवायचं.

आई आता मला लोटत नाहीत. डावा हात मांडीवर ठेवून बसतात. मी बाबांसारखी पंपाच्या गोष्टी सांगून बघितल्या, पण मला त्या जमत नाहीत. आई दाराकडे बघत राहतात. दारापलीकडे ते बसलेले असतात, ते त्यांना कळतं.

परवा मी लवकर उरकलं. आईंना अंथरुणात टेकवून बसवलं होतं, केस ओले होते, मी ते पुसत होते. बाबा आले, खांद्यावर टॉवेल. "उठवलंस का तिला?"

रोजचं सांगायला मी तोंड उघडलं, आणि माझ्याच्याने ते झालं नाही.

"झाली की आंघोळ," मी म्हटलं. "तुम्हीच तर घातलीत मघाशी."

ते थांबले. खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन त्यांनी चाचपला. कोरडा होता. जन्मभर जोड तपासलेला हात तो, त्याला कोरडं-ओलं कळत होतं. मग त्यांनी आईंच्या ओल्या केसांकडे पाहिलं, अंथरुणाच्या कडेला बसले, आणि मला न विचारता त्यांनाच विचारलं.

"मी घातली?"

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला, आणि म्हणाल्या, "हं."